कर्जाच्या बदल्यात समुद्र

फकिराच्या हातातला तो काळा, गुळगुळीत, होडीच्या आकाराचा कश्कोल आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. उरुसात, दर्ग्याच्या पायरीशी, नाहीतर एखाद्या जुन्या चित्रात. अस्सल कश्कोल लाकडाचा नसतो, धातूचाही नसतो. ती एका अजस्र नारळाची अर्धी करवंटी असते. हाच तो दर्याचा नारळ, यूनानी हकिमांच्या नुस्ख्यांतला ‘नारजील दर्याई’. शेकडो वर्षे त्याच्या पोकळ करवंट्या लाटांबरोबर मालदीवला आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागत राहिल्या, पण झाड कुणी पाहिलेले नव्हते. म्हणून लोकांनी ठरवून टाकले की हे झाड समुद्राच्या तळाशीच उगवत असावे. अठराव्या शतकात फ्रेंच दर्यावर्दी हिंदी महासागरातल्या निर्मनुष्य बेटांवर उतरले तेव्हा कोडे सुटले. झाड जमिनीवरच होते, आणि साऱ्या दुनियेत ते आपणहून फक्त दोन लहान बेटांवर उगवत होते.

ती बेटे आज सेशेल्स या देशात आहेत. या महिन्यात आम्ही या देशाबद्दल लिहीत आहोत, पण नारळासाठी नव्हे. वर्गात पर्यावरणाचा धडा चालू असला की एखादी मुलगी हमखास विचारते, “या मोठमोठ्या परदेशी संस्था जंगल वाचवतात, समुद्र वाचवतात म्हणतात, तर त्या पैसे आणतात कुठून? आणि पैसे देऊन समुद्र वाचतो कसा? पैसे द्यायचे कुणाला, माशांना?” वर्ग हसतो. प्रश्न मात्र चोख आहे. पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर ‘देणग्यांमधून’ एवढ्या एका शब्दात आटोपते. सेशेल्समध्ये जे घडले ते पाहिले म्हणजे कळते की हा एक शब्द किती अपुरा आहे.

आधी देशाची ओळख करून घेऊ. आफ्रिकेच्या पूर्वेला भर समुद्रात विखुरलेली ११५ बेटे. सगळ्यांची मिळून जमीन साधारण ४५५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईएवढीच म्हणा. लोकवस्ती एक लाखाच्या आसपास. आपल्याकडचा एखादा तालुका याहून मोठा भरेल. १९७६ साली इंग्रजांकडून स्वातंत्र्य मिळाले. चलनाचे नाव रुपया. जमीन इतकीच, पण या देशाच्या हक्काचा समुद्र मात्र साडेतेरा लाख चौरस किलोमीटरचा! आपला महाराष्ट्र तीन लाखांहून थोडा मोठा. म्हणजे चार महाराष्ट्र मावतील एवढे पाणी, आणि ते सांभाळायला एका तालुक्याएवढी माणसे.

या पाण्यावरच देश जगतो. एक धंदा पर्यटनाचा, दुसरा ट्यूना माशाचा. राजधानी व्हिक्टोरियातला ट्यूना डबाबंद करण्याचा कारखाना जगातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जातो. स्पेन आणि फ्रान्सची मोठी जहाजे पैसे भरून इथे मासे धरतात. २०२० साली झालेल्या करारात युरोपीय संघाने यासाठी वर्षाला ५३ लाख युरो देण्याचे कबूल केले. समुद्र ही यांची शेतीही आहे आणि तो भाड्यानेही दिलेला आहे. १९९८ साली पाणी तापल्यामुळे इथल्या प्रवाळांचा फार मोठा भाग पांढरा पडून मेला. काही ठिकाणी दहातले नऊ हिस्से गेले. प्रवाळ गेले की त्यात वाढणारे मासे जातात, आणि किनाऱ्याला लाटांपासून आडोसा राहत नाही.

अशा देशावर २००८ साली दुसरे संकट आले. कर्ज वाढत वाढत देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाच्याही पुढे गेले होते. जगभर मंदी आली, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये सेशेल्सला २३ कोटी डॉलरच्या रोख्यांवरचा हप्ता भरता आला नाही. दिवाळे निघाले असे सरळ म्हणायला हरकत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात जावे लागले, रुपयाची किंमत घसरली, आयात केलेले धान्य महागले. ज्यांच्या बेटांवरून फकिरांचे कश्कोल आले, त्यांच्याच हाती तो आला.

आता संस्थेकडे वळू. ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ ही अमेरिकन संस्था १९५१ साली स्थापन झाली. तिची सुरुवातीची पद्धत अगदी सोपी होती: जी जमीन वाचवायची ती विकत घ्यायची. १९५५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात मियानस नदीच्या घळीतली ६० एकर जमीन घ्यायला संस्थेने तिथल्या लोकांना ७,५०० डॉलर दिले. देताना सांगितले की हे दान नाही, लोकांकडून वर्गणी गोळा करून परत करा, म्हणजे हाच पैसा पुढच्या जमिनीला लावता येईल. ही फिरत्या पैशाची रीत आमच्या मते या संस्थेची सर्वांत कामाची कल्पना आहे. पुढे सभासदांच्या वर्गण्या, मृत्युपत्राने दिलेल्या इस्टेटी, कंपन्यांची मदत, सरकारी अनुदाने, गुंतवणुकीचे उत्पन्न असे झरे मिळत गेले आणि संस्था प्रचंड झाली. प्रचंड झाल्यावर जे होते तेही झाले. २००३ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने लेखमाला छापून उघड केले की संस्थेने काही जमिनी स्वतःच्याच विश्वस्तांना आणि हितचिंतकांना स्वस्तात विकल्या होत्या, आणि टेक्सासमध्ये दुर्मिळ रानकोंबड्यांसाठी राखलेल्या जागेत नैसर्गिक वायूच्या विहिरीतून उत्पन्न घेतले होते. अमेरिकेच्या सिनेट समितीने चौकशी केली, संस्थेला नियम बदलावे लागले. हे सांगण्याचे कारण एवढेच की नाव मोठे असले म्हणून हिशेब विचारायचे थांबू नये. मशिदीच्या कमिटीचा जमाखर्च आपण फळ्यावर लागलेला पाहतो, तो अविश्वासापोटी नव्हे.

पण परक्या देशाचा समुद्र विकत घेता येत नाही. तिथे जमिनीची युक्ती चालत नाही. इथे एक जुनी कल्पना कामाला आली. टॉमस लव्हजॉय नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९८४ साली सुचवले होते की गरीब देश कर्जाच्या हप्त्यांसाठी जंगले तोडतात, तर कर्जाचाच काही भाग माफ करून त्या बदल्यात जंगल राखायला का लावू नये? पहिला प्रयोग १९८७ मध्ये बोलिव्हियात झाला. त्या देशाचे साडेसहा लाख डॉलरचे कर्ज बँकेला बुडीतच वाटत होते. ‘कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल’ या संस्थेने ते एक लाख डॉलरला घेतले आणि सोडून दिले. बदल्यात सरकारने बेनी या राखीव जंगलाभोवतीचा सुमारे १५ लाख हेक्टरचा पट्टा जपण्याचे वचन दिले.

ऐकायला सुंदर. पण त्या पट्ट्यात चिमाने आणि इतर आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि करार करताना त्यांना कुणी विचारले नव्हते. सरकारने कबूल केलेला निधी उशिरा आला, लाकूडतोड चालूच राहिली. १९९० साली तिथले आदिवासी आपल्या जमिनीच्या हक्कासाठी राजधानी ला पाझपर्यंत शेकडो किलोमीटर पायी चालत गेले. कागदावर जंगल सुरक्षित होते आणि जंगलातली माणसे रस्त्यावर होती. बोलिव्हियाची ही गोष्ट लक्षात ठेवूनच सेशेल्सकडे पाहिले पाहिजे.

सेशेल्सचा व्यवहार आकड्यांचा आहे, आणि आकडे आले की पुष्कळ वाचक पान उलटतात याची आम्हाला कल्पना आहे. म्हणून आधी घरगुती उदाहरण घेऊ. समजा, एका गृहस्थावर चार सावकारांचे मिळून शंभर रुपये आहेत. सावकार वाट पाहून कंटाळले. ते म्हणतात, रोख त्र्याण्णव-चौऱ्याण्णव द्या आणि मोकळे व्हा. गृहस्थाकडे रोख नाही. तेव्हा दुसऱ्या गावची काही मंडळी पुढे येतात. थोडी रक्कम चंद्यातून, बरीचशी उसनी, अशी जमवून ते सावकारांना वाटेला लावतात. गृहस्थाला सांगतात, “आता तुमचे देणे आमच्याकडे नाही. तुमच्याच गावात एक ट्रस्ट करू. हप्ते त्या ट्रस्टमध्ये भरा, सावकाश भरा, वीस वर्षांपर्यंत. ट्रस्ट त्यातून आधी उसने देणाऱ्यांचे फेडील आणि बाकीच्यातून तुमचे तळे राखील. मात्र एक अट. तळ्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात जाळे टाकायचे नाही, किंवा टाकलेच तर ठरवून टाकायचे.”

आता खरे आकडे. सेशेल्सने ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, इटली अशा सावकार देशांशी २०१५ च्या सुरुवातीला बोलणी पक्की केली. २ कोटी १६ लाख डॉलरचे कर्ज २ कोटी २ लाख डॉलरमध्ये मिटवायचे ठरले. हे २ कोटी २ लाख कॉन्झर्व्हन्सीने उभे केले: १ कोटी ५२ लाख गुंतवणूकदारांकडून कर्जाऊ आणि ५० लाख देणगीदारांकडून. देणगीदारांत ‘टायटॅनिक’ सिनेमातला नट लिओनार्डो डिकॅप्रिओ याचे फाउंडेशनही होते. त्यांनी १० लाख डॉलर दिले. (हे नाव घेतल्यावर वर्गातली मागची बाके जागी होतात, म्हणून आम्ही ते गाळत नाही.) व्यवहार २०१६ मध्ये पूर्ण झाला.

सावकारांनी किती सोडले ते पाहा. शंभरातले साडेसहा. बोलिव्हियात बँकेने शंभरातले पंच्याऐंशी सोडले होते, कारण तिथे वसुलीची आशाच नव्हती. सेशेल्स मात्र २००८ नंतर सावरत होता, हप्ते देत होता, म्हणून सावकार सवलत द्यायला तयार नव्हते. ज्याने प्रामाणिकपणे फेडायला सुरुवात केली त्याला कमी सूट, हा बाजाराचा न्याय आम्हाला अजूनही नीट पटलेला नाही.

मग फायदा झाला तो कशात? एक तर मुदतीत. हप्ते लांबले आणि काही भाग डॉलरऐवजी देशाच्या स्वतःच्या रुपयात भरायची सोय झाली. डॉलर कमवावे लागतात, स्वतःचा रुपया त्या मानाने हाताशी असतो. परदेशी नोकरी करून घरी पैसे पाठवणाऱ्यांच्या कुटुंबांना हा फरक समजावून सांगायला नको. दुसरे म्हणजे, हप्ते परदेशात जाण्याऐवजी आधी देशातल्या ट्रस्टमध्ये येऊ लागले. त्यातला मोठा भाग उसने देणाऱ्यांच्या परतफेडीत जातो हे खरे. पण वर्षाला साधारण २ लाख ८० हजार डॉलर समुद्राच्या कामाला मिळतात आणि दीड लाखाच्या आसपास रक्कम कायमच्या ठेवीत टाकली जाते.

काही वाचक इथे थबकतील आणि विचारतील, यात व्याज आहे का? आहे. तीन टक्के. आम्ही व्यवहार जसा आहे तसा मांडत आहोत. त्याच्या जायज-नाजायजाचा निवाडा उलमांचा आहे, शाळामास्तरांचा नाही.

कायमची ठेव ही कल्पना मात्र आपल्या वाचकांना नवी नाही. मूळ रक्कम हलवायची नाही, तिच्या उत्पन्नातून काम चालवायचे, म्हणजे आपण वक्फ म्हणून जे ओळखतो त्याच्याच जवळपासची गोष्ट. फरक आहेत, पण मागचा विचार तोच: देणारा गेला तरी विहिरीचे पाणी आटू नये. या ट्रस्टसाठी सेशेल्सच्या संसदेने २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. ट्रस्टचे लांबलचक इंग्रजी नाव आद्याक्षरांवरून ‘सेकॅट’ असे उच्चारतात. कारभारात सरकारचे लोक आहेत आणि सरकारबाहेरचेही आहेत. अर्ज मागवून अनुदाने दिली जातात. प्रास्लिन बेटावरच्या मच्छीमार संघटनेला, मच्छीमारांनीच आपल्या मासेमारीचे नियम बसवावेत म्हणून मिळालेले अनुदान हे त्यातले एक. प्रास्लिन म्हणजे आपल्या दर्याच्या नारळाचेच बेट.

२०१८ च्या ऑक्टोबरात याच ट्रस्टच्या ओंजळीत आणखी थोडी भर पडली. सेशेल्सने दीड कोटी डॉलरचे ‘निळे रोखे’ काढले, जागतिक बँकेने त्यांची अंशतः हमी घेतली, आणि त्यातले ३० लाख डॉलर अनुदानांसाठी ट्रस्टकडे आले. बाकीचे १ कोटी २० लाख मासेमारीच्या शाश्वत धंद्यांना कर्ज देण्यासाठी तिथल्या विकास बँकेकडे गेले.

पैशाचे झाले. पण पैसा हा या सौद्याचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे समुद्राच्या तीस टक्क्यांचे वचन, आणि खरी मेहनत तिथे लागली. नकाशा २०१४ पासून आखायला घेतला. साडेतेरा लाख चौरस किलोमीटरवर कुठे प्रवाळ आहेत, कासवे कुठे अंडी घालतात, ट्यूना कुठून जातो, जहाजांचा मार्ग कोणता, तेल सापडण्याची शक्यता कुठे, हॉटेलवाल्यांना काय हवे, हे सगळे एका कागदावर आणायचे होते. त्यासाठी दोनशेहून जास्त बैठका झाल्या. लहान होडीवाला मच्छीमार आणि मोठ्या जहाजाचा प्रतिनिधी एकाच टेबलाशी बसले की काय होते याची कल्पना कुठल्याही कोळीवाड्यातला माणूस करू शकेल. होडीवाल्याचे म्हणणे सरळ असते: आमच्या आज्यापासूनची जागा तुम्ही बंद करणार आणि खोल पाण्यातला मोठा मासा जहाजे नेणार, हा कुठला न्याय? अशा वेळी नकाशावरची रेघ चार बोटे इकडेतिकडे होते. त्या चार बोटांत एका घराची चूल असते.

म्हणून तीस टक्के सगळे सारखे नाहीत. साधारण निम्मा भाग असा की तिथे मासेमारी, तेल शोधणे, खाणकाम जवळपास सगळेच बंद. उरलेल्या निम्म्यात ठरावीक अटींवर धंदा चालू. फेब्रुवारी २०१८ मध्ये २ लाख १० हजार चौरस किलोमीटर जाहीर झाले. त्यात अल्दाब्रा या दूरच्या बेटसमूहाचा समुद्र होता. तिथे एक लाखाच्या आसपास राक्षसी कासवे आहेत, आणि सेशेल्सच्या पाण्यात उरलेल्या मोजक्या समुद्रगायीही तिथेच आहेत. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष डॅनी फॉर यांनी पाणबुडीत बसून, १२० मीटरहून खोल पाण्यातून जगाला उद्देशून भाषण केले. २६ मार्च २०२० रोजी त्यांनी उरलेल्या क्षेत्राच्या आदेशांवर सही केली आणि आकडा तीस टक्क्यांवर पोचला. एकूण ४ लाख १० हजार चौरस किलोमीटर, आपल्या अख्ख्या राज्यापेक्षा मोठा समुद्र.

सही केली म्हणून समुद्राला कुंपण पडत नाही. चोरून जाळे टाकणारे जहाज रात्री येते. इथे आपल्या देशाचा संबंध येतो. भारताने सेशेल्सच्या तटरक्षक दलाला २००५ मध्ये ‘टोपाझ’ आणि २०१४ मध्ये ‘कॉन्स्टंट’ ही गस्ती जहाजे भेट दिली, २०१३ मध्ये टेहळणीसाठी डॉर्नियर विमान दिले. ही मदत कासवांसाठी नव्हती. तिच्यामागे समुद्री चाचे होते आणि हिंदी महासागराचे राजकारण होते. पण चाच्यावर नजर ठेवणारे विमान चोरट्या मासेमारीवरही नजर ठेवू शकते. संस्थेच्या रंगीत अहवालात असल्या गोष्टींना फारशी जागा मिळत नाही, पण गस्तीच्या डिझेलवाचून राखीव समुद्र हा नकाशावरचा रंग राहतो.

सेशेल्समध्ये जमले म्हणून हीच रीत मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे गेली. २०२१ मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलीझचे ५५ कोटी ३० लाख डॉलरचे रोखे कॉन्झर्व्हन्सीच्या मदतीने डॉलरला ५५ सेंट या भावाने मिटवले गेले. पैसा एका मोठ्या स्विस बँकेने बाजारातून उभा केला, अमेरिकन सरकारी संस्थेने विमा उतरवला, आणि बेलीझनेही आपल्या समुद्राच्या तीस टक्क्यांचे वचन दिले. इथे सूट घसघशीत होती, देशाचे ओझे खरोखर कमी झाले. पण बँका, वकील, विमा, सल्लागार अशी मधली माणसे जितकी वाढतात तितका मच्छीमार टेबलापासून लांब जातो, आणि कुणाला किती मिळाले हे सामान्य नागरिकाला कळणे कठीण होते. अशा सौद्यांवर ही टीका झाली आहे आणि ती आम्हाला रास्त वाटते. कर्जात बुडालेला देश ‘नाही’ म्हणायच्या स्थितीत नसतो. त्याच्याकडून वचन घेणाऱ्यावर दुप्पट जबाबदारी येते.

पुन्हा सेशेल्सकडे. मार्च २०२० ची ती सही आठवा. त्याच दिवसांत करोनाने जगभर विमाने जमिनीवर आणली होती. सेशेल्समध्ये पर्यटक येईनात. अल्दाब्राची देखरेख १९७९ साली स्थापन झालेली तिथली स्वतःचीच एक सार्वजनिक संस्था करते, आणि तिचा पैसा कुठून येतो हे सांगायचे राहिले. दर्याच्या नारळाचे जे जंगल प्रास्लिनवर आहे, ‘व्हॅली द मे’, ते पाहायला पर्यटक तिकीट काढतात. त्या तिकिटांच्या पैशावर हजाराहून जास्त किलोमीटर दूरच्या अल्दाब्राचे पहारेकरी, होड्या, संशोधन चालते. एका बेटाचे झाड दुसऱ्या बेटाच्या कासवाला पोसते. पर्यटक थांबले तसे ते उत्पन्नही थांबले. ट्रस्ट, ठेव, अनुदान असे निरनिराळे झरे का लागतात ते त्या वर्षी तिथल्या लोकांना कुणी समजावून सांगावे लागले नसेल.

आणि त्याच अल्दाब्रावर आणखी एक बिल येऊन पडलेले आहे. तिथे वस्ती अशी नाही, फक्त संशोधन केंद्रातली काही माणसे. तरीही किनारे प्लास्टिकने भरलेले. २०१९ मध्ये सेशेल्सचे आणि ऑक्सफर्डचे मिळून बारा स्वयंसेवक पाच आठवडे राहून ते वेचत होते. त्यांनी २५ टन कचरा गोळा केला. खर्च आला सुमारे सव्वादोन लाख डॉलर. नंतर शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: अजून ५१३ टन शिल्लक असावे. वजनाने त्यातला ८३ टक्के मासेमारीच्या जहाजांचा, म्हणजे दोर, जाळी, तरंगते गोळे. ७ टक्के वजन रबरी चपलांचे, अंदाजे तीन लाख साठ हजार नग. अख्ख्या सेशेल्समध्ये माणसे आहेत एक लाख.

हा सगळा कचरा हटवायला ४६ लाख ८० हजार डॉलर लागतील असे त्याच अभ्यासात म्हटले आहे. आम्ही फळ्यावर भागाकार करून पाहिला. कर्जाच्या सौद्यातून समुद्राच्या कामाला वर्षाला जे २ लाख ८० हजार मिळतात, ते दुसऱ्या कशालाही न वापरता साठवले तरी सोळा वर्षांहून जास्त लागतात. तेवढ्या काळात समुद्र आणखी किती चपला आणून टाकील ते वेगळेच. पूर्वी लाटा इथून कश्कोल घेऊन आपल्या बाजूला येत. आता चपला दुरून तिकडे जाऊन पडतात. शास्त्रज्ञांनी मागणी केली आहे की हा कचरा सेशेल्सचा नाही, तेव्हा तो काढायचा पैसाही आंतरराष्ट्रीय निधीतून यावा. जाळी आणि दोर ज्यांच्या जहाजांवरून पडले, त्यांचे देश तर माहीतच आहेत.